कोंबडा छाप पेटी: जयपालसिंह मुंडा आणि झारखंड पक्षाचं १९६३ चं विलीनीकरण

१९६३ साली बिहारमधला झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. पक्षाचे सर्वेसर्वा होते जयपालसिंह मुंडा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताला हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, त्या संघाचे ते कर्णधार. संविधान सभेचे सदस्य आणि छोटा नागपूरच्या, म्हणजे दक्षिण बिहारच्या पठारावरच्या, आदिवासींचे 'मरांग गोमके', म्हणजे थोर नेते. 'आमचा प्रांत आम्हाला द्या' या एका मागणीवर जो पक्ष उभा राहिला होता, त्याने मागणी पदरात पडायच्या आधीच आपली पाटी उतरवली. वेगळं झारखंड राज्य त्यानंतर ३७ वर्षांनी आलं. तोवर जयपालसिंहांना जाऊन ३० वर्षं झाली होती.

असं का झालं, एवढ्याच प्रश्नाचा इथे मागोवा घेतो आहे. जयपालसिंहांबद्दल बोलताना माणसं पटकन दोन टोकांना जातात. एका टोकाला त्यांच्या हातून चूक होणंच शक्य नसतं, दुसऱ्या टोकाला त्यांनी समाजाला फसवलेलं असतं. मला दोन्ही पटत नाहीत. १९६३ चा निर्णय चुकला असं माझं ठाम मत आहे, पण तो कशामुळे घेतला गेला हे नीट पाहिलं तर त्या माणसाबद्दलचा आदर कमी होत नाही.

टकरा ते ॲमस्टरडॅम

खुंटीजवळच्या टकरा पाहनटोली या गावात ३ जानेवारी १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. पाहन म्हणजे मुंडा गावाचा पुजारी. शाळा रांचीची, मिशनऱ्यांची, सेंट पॉल. तिथल्या इंग्रज मुख्याध्यापकांनी पोराची चमक हेरली आणि त्याला थेट इंग्लंडला नेलं. पुढे ऑक्सफर्डचं सेंट जॉन्स कॉलेज, अर्थशास्त्राचा अभ्यास आणि विद्यापीठाच्या हॉकी संघात जागा. ते खेळायचे फुलबॅकला, म्हणजे गोलरक्षकाच्या पुढ्यातली शेवटची भिंत.

आयसीएससाठी, म्हणजे इंग्रजी अमलातल्या वरिष्ठ सनदी सेवेसाठी, निवड झाली होती, उमेदवारीचा काळ चालू होता आणि तेवढ्यात ऑलिंपिक संघाचं कर्णधारपद चालून आलं. लंडनमधल्या इंडिया ऑफिसकडे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याकडे, रजा मागितली, ती नाकारली गेली. ते रजेशिवाय गेले. परत आल्यावर उमेदवारी वर्षभर वाढवून करा असा हुकूम मिळाला. त्यांनी तो पाळला नाही, आयसीएसवरच पाणी सोडलं. त्या काळात आयसीएस म्हणजे काय होतं, हे जुन्या घरांमधल्या माणसांना सांगायला नको. पंचविशीतल्या एका मुंडा तरुणाने ती नोकरी हॉकीसाठी सोडली, हे त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना सतत डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. अडवलं की मोडून बाहेर पडायचं, हा त्यांचा स्वभाव इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो.

संघ मुंबईहून 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाला तेव्हा निरोप द्यायला जेमतेम तीन माणसं आली होती. जयपालसिंह त्या बोटीवर नव्हते, ते इंग्लंडमध्ये संघाला येऊन मिळाले. ॲमस्टरडॅममध्ये भारताने ऑस्ट्रियाला ६, बेल्जियमला ९, डेन्मार्कला ५ आणि स्वित्झर्लंडला ६ गोलांनी हरवलं. २६ मे १९२८ च्या अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सवर ३ गोल झाले. पाच सामन्यांत २९ गोल, आणि गोलरक्षक रिचर्ड ॲलनच्या पाठीमागे एकही चेंडू गेला नाही.

पण अंतिम सामन्यात कर्णधार नव्हते. संघातल्या आणि व्यवस्थापनातल्या मतभेदांमुळे ते त्याआधीच संघ सोडून गेले होते. त्या दिवशी ध्यानचंद आजारी होते, आणखी काही जण अंथरुणावर होते. नेतृत्व ब्रूम पिनिगर यांनी केलं आणि तरीही भारत जिंकला.

हा प्रसंग सांगून लोक झटक्यात निष्कर्ष काढतात: बघा, या माणसाने १९२८ मध्येही ऐनवेळी मैदान सोडलं आणि १९६३ मध्येही. मला ही तुलना वरवरची वाटते. त्या सामन्यातून शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. कर्णधार निघून गेला, खंदे खेळाडू आजारी पडले, तरी संघ हलला नाही, कारण प्रत्येक जागेवर दुसरा माणूस तयार होता. झारखंड पक्षाकडे नेमकी हीच गोष्ट नव्हती.

रांचीत परत

ऑलिंपिकनंतरची दहा वर्षं त्यांनी बरीच भ्रमंती केली. कलकत्त्यात बर्मा शेलची नोकरी, आफ्रिकेत गोल्ड कोस्टच्या (आजच्या घानातल्या) अचिमोटा कॉलेजात अध्यापन, रायपूरच्या राजकुमार कॉलेजात काम, मग बिकानेर संस्थानात मोठा हुद्दा. पहिल्या पत्नी तारा मजुमदार काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या नात. अशा घरोब्यातला माणूस काँग्रेसचा सहज झाला असता. ते झाले नाहीत.

जानेवारी १९३९ मध्ये रांचीत आदिवासी महासभेचं अधिवेशन भरलं आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. तिथून त्यांचं राजकारण सुरू होतं. मागणी अगदी सुरुवातीपासून एकच: बिहारपासून वेगळा प्रांत. पाटण्याच्या मैदानी राजकारणात छोटा नागपूरच्या मुंडा, उरांव, हो आणि संथाल लोकांना कोणी विचारत नाही, आणि जमीन, जंगल, कोळसा यांचा पैसा मात्र तिकडे जातो, ही तक्रार तेव्हाच गावोगाव होती. बाहेरून येऊन जमिनी बळकावणाऱ्याला तिथे 'दिकू' म्हणतात. तो शब्द तिरस्काराचा आहे, आणि त्याला कारणंही आहेत.

संविधान सभेतलं त्यांचं १९ डिसेंबर १९४६ चं भाषण प्रत्येकाने एकदा वाचावं. जंगली म्हणवून घेण्याचा मला अभिमान आहे, आमच्या मुलखात आम्हाला याच नावाने ओळखतात, असं ते भर सभेत म्हणाले. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिका, असंही बजावलं. 'आदिवासी' हाच शब्द वापरा असा त्यांचा आग्रह होता. आपण मराठीत तो सर्रास वापरतो, आपल्या राज्य सरकारात 'आदिवासी विकास विभाग' आहे, पण संविधानात तो शब्द आला नाही, तिथे 'अनुसूचित जमाती' आहे. दारूबंदीच्या चर्चेत त्यांनी तांदळाच्या बिअरची, हंडियाची, बाजू घेतली: संथालाला ती मिळाली नाही तर भाताची लावणीच होणार नाही. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभं राहिलेल्या माणसालाच हा मुद्दा कळेल. सभेत बसलेल्या किती जणांना तो कळला असेल, कोण जाणे.

याच सुमाराची खरसावांची घटना विसरता येत नाही. १ जानेवारी १९४८, गुरुवार, बाजाराचा दिवस. खरसावां आणि सरायकेला ही संस्थानं ओरिसात घालण्याच्या विरोधात हजारो आदिवासी जमले होते. जयपालसिंह येणार अशी सगळ्यांची अपेक्षा होती, ते पोचू शकले नाहीत. ओरिसाच्या लष्करी पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा ३५ मृतांचा, तिथल्या माणसांच्या आठवणीतला आकडा याच्या कितीतरी पट. काही महिन्यांत दोन्ही संस्थानं बिहारला जोडली गेली. जयपालसिंह आले नाहीत तरी लोक उभे राहिले, गोळ्या झेलल्या. चळवळ त्यांच्याहून मोठी होती याचा हा पुरावा आहे. पक्ष मात्र पुढे त्यांच्याएवढाच राहिला.

पेटीवरचा कोंबडा

१९५० च्या उंबरठ्यावर आदिवासी महासभेचा झारखंड पक्ष झाला आणि त्याची दारं बिगर-आदिवासींनाही उघडली. चिन्ह मिळालं कोंबड्याचं.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आजच्यासारखी सगळ्या उमेदवारांची एक मतपत्रिका नव्हती. मतदान केंद्रात पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. खुंटीच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला अक्षरओळख नव्हती, पण कोंबडा तिच्या अंगणातला होता. देवाला तोच, आठवडी बाजारातल्या झुंजीत तोच, पाहुणा आला की तोच. असं चिन्ह हाताशी असेल तर प्रचारातला अर्धा रस्ता आधीच पार झालेला असतो.

१९५२ मध्ये बिहार विधानसभेच्या ३३० जागांपैकी ३२ झारखंड पक्षाला मिळाल्या. काँग्रेसच्या २३९. म्हणजे अवघ्या दोन-तीन वर्षांचा पक्ष पाटण्यात सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. १९५७ मध्ये ३१ जागा आणि लोकसभेत ६. पक्ष रोवला गेला होता.

आता त्याच ३२ या आकड्याकडे दुसऱ्या बाजूने बघा. ३३० च्या सभागृहात ३२. छोटा नागपूर आणि संथाल परगण्यातल्या झाडून सगळ्या जागा जिंकल्या असत्या तरी पाटण्यात बहुमत होणं शक्य नव्हतं. वेगळ्या प्रांताचा निर्णय व्हायचा दिल्लीत, शिफारस जायची पाटण्यातून, आणि दोन्ही ठिकाणी काँग्रेस. जयपालसिंहांच्या पुढच्या सगळ्या हालचाली या गणितातून आल्या.

फजल अली आयोगाचं 'नाही'

फजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर आला. मराठी वाचकाला त्याची आठवण वेगळ्या कारणाने आहे: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाकारणारा, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवणारा हाच तो अहवाल. त्याच अहवालाने झारखंडही नाकारलं. कारणं दिली ती अशी: आदिवासी त्या भागात एकूण लोकसंख्येच्या साधारण तिसरा हिस्साच आहेत आणि तेही अनेक भाषांत विभागलेले, झारखंड पक्षाला त्या प्रदेशातही पूर्ण बहुमत नाही, आणि खाणी-कारखान्यांचा दक्षिण भाग तोडला तर शेतीवर जगणाऱ्या उत्तर बिहारचं आर्थिक संतुलन ढळेल.

शेवटचं कारण वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं. तुमच्याकडे संपत्ती आहे म्हणून तुम्हाला वेगळं होता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. वर १ नोव्हेंबर १९५६ ला बिहारच्या मानभूम जिल्ह्यातला पुरुलियाचा भाग पश्चिम बंगालला गेला, म्हणजे मागितलेल्या प्रदेशाचे आणखी तुकडे पडले.

आपल्याकडे याच अहवालानंतर रस्त्यावर रक्त सांडलं, १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला आणि १ मे १९६० ला राज्य झालं. मग १९५७ मध्ये आपली ताकद टिकवूनही झारखंडला ते का जमलं नाही? आपल्याकडे एक भाषा होती, छापखाने आणि वर्तमानपत्रं होती, गिरणगाव होतं, निरनिराळ्या पक्षांचे मातब्बर नेते एका मांडवात आले होते. एक जण तुरुंगात गेला तर दुसरा सभा घ्यायचा. काँग्रेसला मुंबई राज्यातली आपली गादीच हलताना दिसली. पाटण्यात काँग्रेसला ३१ आमदारांची तशी धास्ती नव्हती. आणि मुंडारी, संथाली, हो, कुडुख, सादरी बोलणाऱ्यांना एकत्र बांधणारा धागा भाषेचा नव्हता, जमिनीचा होता. आयोगाच्या निकषात जमिनीच्या नात्याला घर नव्हतं.

१९६२: पाय घसरला

अहवालानंतर कार्यकर्त्यांचा धीर सुटत गेला. दहा वर्षं एकच मागणी, आणि हाती काही नाही. याच काळात रांचीजवळ हटियात अवजड यंत्रांचा सरकारी कारखाना आला, गावं उठली, बाहेरून कामगार आले, मतदारयाद्या बदलल्या. रामगढच्या राजांनी राजगोपालाचारींच्या 'स्वतंत्र' पक्षाच्या झेंड्याखाली हजारीबागच्या बाजूला जोर धरला. १९६२ मध्ये स्वतंत्र पक्षाला बिहारमध्ये ५० जागा मिळाल्या, झारखंड पक्ष २० वर आला.

पक्षाच्या आतही दुखणी होती. १९५७ मध्ये रांची पूर्वमधून लोकसभेला झारखंड पक्षाच्या बळावर कोण निवडून आलं? मिनू मसानी, मुंबईचे माजी महापौर. दोनच वर्षांनी ते स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत होते. मसानी मोठे संसदपटू होते यात वाद नाही. पण जयपालसिंहांनी सांगितलं आणि रांचीच्या मतदारांनी मुंबईच्या पारशी गृहस्थाला दिल्लीला पाठवलं, ही त्या नेत्याची जितकी ताकद, तितकाच त्या पक्षाचा कमकुवतपणा. उमेदवारी, चिन्ह, पैसा, दिल्लीतली ओळख, सगळं एका माणसापाशी येऊन थांबायचं. जिल्ह्याजिल्ह्यात स्वतःच्या बळावर उभी राहणारी फळी घडवायला जो वेळ द्यावा लागतो, तो खासदारकी आणि दिल्ली यांतून निघाला नाही. आणि तेव्हा पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता, तो १९८५ चा. सत्तेशिवाय दहा वर्षं काढलेल्या आमदाराला मोह पडणं अवघड नव्हतं.

निर्णय

१९६२ नंतर जयपालसिंहांपुढे तीन वाटा होत्या असं मला दिसतं. विरोधात राहून पक्ष पुन्हा बांधायचा. काँग्रेसशी युती करायची, पण नाव आणि कोंबडा शाबूत ठेवायचा. किंवा विलीन व्हायचं. मुख्यमंत्री विनोदानंद झा होते, स्वतः संथाल परगण्यातले. आत शिरून प्रांताची मागणी पुढे नेता येईल, निदान रस्ते, शाळा, पाणी तरी मिळेल, हा विचार बिनबुडाचा नव्हता. वीस आमदार फुटून एकेक करून जाणार असतील, तर सगळ्यांनी मिळून वाटाघाटी करून जावं, हेही समजण्यासारखं आहे. त्यांनी तिसरी वाट धरली आणि बिहारच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले.

मग काय झालं? त्याच वर्षी बड्या काँग्रेस नेत्यांनी पदं सोडून पक्षाचं काम करावं अशी कामराज योजना आली आणि ऑक्टोबरात विनोदानंद झा मुख्यमंत्रिपदावरून गेले. ज्यांच्या शब्दावर करार झाला तेच उरले नाहीत. जयपालसिंहांचं मंत्रिपद थोड्या आठवड्यांतच संपलं. दोन पक्षांमधला करार असता तर तो मोडल्याचं जाहीर करता आलं असतं, आमदार घेऊन बाहेर पडता आलं असतं. पण विलीन झालेल्या पक्षाला बाहेर पडायला दार नसतं, कारण बाहेर पडणारा पक्षच उरलेला नसतो.

माझा आक्षेप इथे आहे. बळाचा हिशेब करताना त्यांनी जागा मोजल्या, आणि जागांच्या हिशेबात विलीनीकरण बरोबरच दिसतं. मोजायची राहिली ती पेटीवरच्या कोंबड्याची किंमत. पराभव झाला तरी ते चिन्ह दर पाच वर्षांनी गावात येणार होतं, आणि त्यासोबत मागणीही जिवंत राहणार होती. १९६३ नंतर वेगळ्या प्रांताचं नाव घेणारा एकसंध, मोठा पक्ष विधानसभेत उरला नाही, आणि जे पुन्हा उभे राहू पाहत होते ते गटागटांत विखुरले. बागुन सुंब्रुई यांचा वेगळा, निरल एनेम होरो यांचा वेगळा. चळवळीला पुन्हा धार आली ती १९७० च्या दशकात, शिबू सोरेन, विनोदबिहारी महतो आणि ए. के. राय यांच्या झारखंड मुक्ती मोर्चामुळे. १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडा यांच्या जयंतीला, राज्य झालं तेव्हा त्यात बिहारचेच १८ जिल्हे होते. पुरुलिया बाहेर, ओरिसातलं मयूरभंज बाहेर.

आज रांचीतल्या मोरहाबादीत त्यांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे. राज्य सरकार त्यांच्याच नावाच्या शिष्यवृत्तीवर २०२१ पासून आदिवासी मुलामुलींना ब्रिटनमधल्या विद्यापीठांत पाठवतं. खुंटी आणि सिमडेग्याच्या गावांत अजूनही खस्सी टूर्नामेंट भरतात, जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड. बांबूच्या काठ्या घेऊन खेळायला सुरुवात केलेल्या पोरी तिथून भारतीय संघापर्यंत पोचल्या आहेत. खुंटीची निक्की प्रधान २०१६ ला ऑलिंपिक खेळली. टकरा याच खुंटी जिल्ह्यात.

जयपालसिंह १९६७ ला खुंटीतून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, १९७१ ला, इंदिरा गांधींच्या लाटेत देशभर काँग्रेसचे उमेदवार निवडून येत होते, तेव्हा खुंटीच्या मतदारांनी निरल एनेम होरो यांना निवडून दिलं. होरो उभे होते झारखंड पक्षाच्या नावावर.